जिन्यातला दिवा आणि दोन खटके

1987 सालच्या दिवाळीआधीची गोष्ट. वाईतल्या आमच्या जुन्या घराला नुकताच चुना दिला होता. भिंती अजून ओल्या होत्या आणि जिन्यातला बल्ब जळमटांनी इतका काळवंडला होता, की तो लावून उजेडापेक्षा सावल्याच जास्त पडत. आईने माडीवरच्या बोर्डावरचं बटण दाबून दिवा बंद केला. तो विझल्याचं पाहिलं. बल्ब निवेपर्यंत खाली जाऊन कणीक मळून आली. मग स्टुलावर चढून तिने बल्ब काढला आणि ओल्या फडक्याने होल्डर आतून पुसायला घेतला. डावा तळवा भिंतीला टेकलेला होता. पुढचं तिला आठवत नाही. आम्ही धावलो तेव्हा ती चार पायऱ्या खाली पडलेली होती आणि उजवं मनगट भलतीकडे वळलं होतं.

संध्याकाळी वायरमन आला. त्याने बल्ब बसवला, बटणं दाबून पाहिली, दिवा लागला, दिवा विझला. मग बल्ब काढून होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. "काकू, लाइन बंद आहे. तुम्ही चालू ठेवूनच हात घातला असणार. टू-वेच्या बटणाला वर म्हणजे बंद, खाली म्हणजे चालू असं नसतं, गोंधळ होतो माणसाचा." आई म्हणाली, "मी दिवा विझलेला डोळ्यांनी बघितला." तो हसला. बाबा म्हणाले, चक्कर आली असेल, उपास होता ना.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मी काय केलं? वहीचं पान फाडून जिन्याच्या दिव्याचं सर्किट काढलं आणि प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसलेल्या आईला पटवून दिलं, की दिवा विझलेला असेल तर होल्डरच्या पिनेत शॉक बसण्याइतकी वीज असूच शकत नाही. ती पानाकडे बघत राहिली. "असेल बाई," एवढंच म्हणाली. पुढे तीसेक वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. ते सर्किट दरवर्षी फळ्यावर काढलं. आणि दरवर्षी ते बरोबरच होतं.

बटण या वस्तूकडे मी नीट पाहायला लागले ते फार उशिरा. म्हणून आधी तिच्याबद्दल.

मराठीत या वस्तूला तीन शब्द आहेत. 'बटण' सदऱ्यावरून आलं. 'कळ' यंत्रातून आली. कळसूत्री बाहुलीतली आणि कळफलकातली तीच ती. तिसरा शब्द माझ्या आजीचा: 'खटका'. बंदुकीला असतो तो खटका आणि दोन माणसांत उडतो तोही खटका. मला हा तिसरा सगळ्यात शास्त्रशुद्ध वाटतो, का ते पुढे येईल. आजी संध्याकाळी खटका दाबला की दिव्याला हात जोडायची आणि रात्री 'दिवा विझव' असं म्हणू द्यायची नाही, 'मालव' म्हणायचं. तिच्या मते दिवा एकच होता, तेलाचा काय आणि विजेचा काय.

शब्दांचा एक घोळ मात्र वर्गात दरवर्षी होतो. घरी आपण म्हणतो 'बटण बंद कर', म्हणजे दिवा घालव. पुस्तकात 'बंद परिपथ' म्हणजे ज्यातून वीज वाहते आहे तो, आणि 'खुला परिपथ' म्हणजे ज्यातून वाहत नाही तो. इंग्रजीच्या ओपन-क्लोज्डचं हे भाषांतर आहे आणि ते चूकही नाही. तार गोलाकार फिरून स्वतःला येऊन मिळाली तर वर्तुळ बंद झालं. पण मुलं नळासारखा विचार करतात: बंद म्हणजे थांबलं. नळाची उपमा इथे दगा देते. नळ उघडा ठेवला आणि पुढे पाइप नसला तर पाणी भसाभसा सांडतं. विजेच्या बाबतीत पुढे वाट नसली तर काहीच सांडत नाही. तिला जायला वाट हवी आणि परतायलाही वाट हवी. बटण त्या वाटेत कुठेतरी एक फट पाडतं. त्याहून जास्त काही करत नाही.

फट कुठेही पाडली तरी दिवा विझतो. माणसाच्या दृष्टीने मात्र फट कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे.

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी न्यूट्रल ही ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे तिच्यात आणि आपल्या पायांखालच्या जमिनीत दाबाचा फरक जवळजवळ नसतो. दुसरी, फेज, जमिनीच्या मानाने 230 व्होल्टवर असते. बटण फेजमध्ये असेल, तर ते बंद केल्यावर होल्डरपर्यंत फक्त न्यूट्रल पोहोचते. बटण न्यूट्रलमध्ये असेल तर दिवा तितकाच गुमान विझतो, पण होल्डरची एक पिन 230 व्होल्टवर ताटकळत उभी असते. तिला परतायची वाट तेवढी हवी असते. ओलं फडकं, ओला हात, ओली भिंत आणि भिंतीमागची जमीन ही चांगली वाट आहे. ओल्या त्वचेसह माणसाच्या शरीराचा रोध हजार-दोन हजार ओहम धरला, तर 230 व्होल्टला शंभर मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जातो. आजकाल घरात बसवतात त्या आरसीसीबीचा खटका तीस मिलिअँपिअरला उडतो, कारण त्याच्या पुढे हृदयाची खात्री देता येत नाही. 1987 साली आमच्याकडे पोर्सिलीनचा फ्यूज होता. पाच अँपिअरला वितळणाऱ्या तारेला शंभर मिलिअँपिअर म्हणजे काहीच नव्हे. फ्यूज घर वाचवतो. माणूस वाचवण्यासाठी तो केलेलाच नाही.

हे काही गुपित नाही. भारतीय विद्युत नियम, 1956 मध्येच न्यूट्रलमध्ये एकटं बटण घालायला मनाई होती. घालायचंच असेल तर फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारं जोडबटण हवं. आमच्या घरातली बाकीची बटणं मी तेव्हाच तपासली होती. सगळी फेजमध्ये होती. म्हणूनच मला माझ्या आकृतीची इतकी खात्री होती.

आता खटक्याकडे. एखादं जुनं पियानो बटण उघडून पाहा (मेन काढून, अर्थातच). आत पितळेची एक छोटी पट्टी असते, ती मध्यावर सी-सॉसारखी टेकलेली. बटणाच्या पोटात स्प्रिंग आणि तिच्या टोकाला एक गुळगुळीत खुंटी. बटण दाबायला लागलं की खुंटी पट्टीवरून घसरत मध्याकडे येते आणि स्प्रिंग दबत जाते. मध्य ओलांडेपर्यंत पट्टी हलत नाही. ओलांडला, की दबलेली स्प्रिंग मोकळी होते आणि पट्टी एका झटक्यात दुसऱ्या बाजूला पडते. खट्! हा आवाज तुमच्या बोटाचा नाही, स्प्रिंगचा आहे. तुम्ही बटण कितीही हळू, अगदी गोगलगायीसारखं दाबा, पट्टी आपल्याच वेगाने उडते. मुलींच्या केसांतल्या टिकटॅक पिना अशाच असतात: एकतर इकडे नाहीतर तिकडे, अध्येमध्ये राहायची सोय नाही.

ही अध्येमध्ये न राहण्याची युक्ती इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांची, 1884 सालची. त्याच गावात जोसेफ स्वान यांनी आपला विजेचा बल्ब लोकांना दाखवला, त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्या काळातली बटणं हळू उघडत आणि जळत. कारण असं: दोन धातू एकमेकांपासून दूर होऊ लागतात तेव्हा शेवटच्या क्षणी ते एका सुईच्या टोकाएवढ्या जागी टेकलेले असतात. सगळा प्रवाह तिथून जातो, ती जागा वितळते, वितळलेल्या धातूचा पूल ताणला जातो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून वीज हवेत उडी मारते. हीच ठिणगी, शास्त्राच्या भाषेत आर्क. फट हळू रुंदावली तर आर्क मजेत तग धरते आणि धातू खात बसते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंफ्री डेव्ही यांनी लंडनमध्ये बॅटरीला जोडलेल्या कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये लखलखाट करून दाखवला, तोही हाच आर्क. विजेचा पहिला दिवा आणि बटणाचा पहिला शत्रू एकच निघाले.

चांगल्या बटणात जिथे धातू धातूला टेकतो तिथे चांदीच्या मिश्रधातूचा एक ठिपका असतो. चांदी वीज सर्वांत चांगली वाहून नेते. तिच्यावर ऑक्साइडचा थर धरलाच तर तो थोड्या उष्णतेने मोडतो. तांब्याचा तसा मोडत नाही. धनत्रयोदशीला गुंजभर चांदी घेणाऱ्यांनी आपल्या भिंतीत आधीच किती आहे ते मोजायला हरकत नाही.

पंख्याचं किंवा चोकवाल्या ट्यूबचं बटण बंद करताना अंधारात निळी ठिणगी दिसते, तशी बल्बची दिसत नाही. पंख्यात तारेची गुंडाळी असते, आणि गुंडाळीतला प्रवाह एकदम थांबवायला गेलं की ती हट्टाने दाब वाढवून तो चालू ठेवू पाहते. बल्बचा त्रास उलटा, लावताना. 40 वॉटच्या बल्बची तापलेली तार सुमारे 1300 ओहमची असते. थंड असताना तिचा रोध त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उतरतो. म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट प्रवाह जातो, आणि म्हणूनच जुने बल्ब बहुधा लावतानाच 'टिक्' करून जात.

होम्सच्या युक्तीला आपल्या घरात एक मोठी मदत मिळते, ती म्हणजे आपली वीज स्वतःच सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. 50 हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह एका आवर्तनात दोनदा शून्य होतो. आर्क पेटली तरी शंभराव्या हिश्शाच्या आत तिचा श्वास कोंडतो, आणि तेवढ्यात फट पुरेशी रुंद झाली असेल तर ती पुन्हा पेटत नाही. एकदिश प्रवाहाला हे शून्य नाही. तिथे आर्क ताणून, चुंबकाने बाजूला फुंकून, थंड करून मारावी लागते. मुंबईच्या लोकल 1925 साली व्हीटी ते कुर्ला धावू लागल्या त्या 1500 व्होल्ट एकदिश दाबावर. गेल्या दशकात तिथली वीज पूर्ण बदलेपर्यंत तिथल्या खटक्यांना ही सगळी उस्तवार करावी लागे. आता हा प्रश्न पुन्हा आपल्या गच्चीवर आला आहे. सौर पॅनेलची माळ भर उन्हात काही शे व्होल्ट एकदिश दाब देते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कुणीतरी काटकसर म्हणून तिथे घरगुती एसीचा एमसीबी लावला होता. दिसायला अगदी तसाच. मी आरडाओरडा करून तो काढायला लावला. काहींना ते अती वाटलं.

आता पुन्हा जिन्याकडे.

जिन्याचं बटण दोन पायांचं नसतं, तीन पायांचं असतं. ते फट पाडत नाही, निवड करतं: मधला पाय या तारेला जोडायचा की त्या तारेला. खालच्या बटणाच्या मधल्या पायाला फेज येते. दोन बटणांच्या दरम्यान दोन तारा समांतर धावतात. वरच्या बटणाच्या मधल्या पायातून तार बल्बकडे जाते आणि बल्बची दुसरी पिन न्यूट्रलला. दोन्ही बटणं एकच तार निवडतील तर दिवा लागतो, वेगवेगळी निवडतील तर विझतो. चार स्थितींपैकी दोन उजेडाच्या, दोन अंधाराच्या. कोणत्याही टोकाचं कोणतंही बटण दाबलं की स्थिती पालटते. मी आईला काढून दिलं ते हेच.

हे सर्किट म्हणजे तर्कशास्त्रातलं एक वाक्य आहे, हे 1937 साली एमआयटीतल्या एका विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधात सविस्तर मांडलं. क्लॉड शॅनन त्या वेळी 21 वर्षांचे होते. लहानपणी मिशिगनमधल्या आपल्या गावी त्यांनी कुंपणाच्या काटेरी तारेवरून अर्ध्या मैलावरच्या मित्राच्या घरापर्यंत तारायंत्र चालवलं होतं. एकापाठोपाठ जोडलेली दोन बटणं म्हणजे 'आणि': लिफ्टचं दार लागलेलं असेल आणि कळ दाबली असेल तरच ती हलते. शेजारीशेजारी जोडलेली दोन बटणं म्हणजे 'किंवा': पुढच्या दाराची किंवा मागच्या दाराची, कोणतीही दाबा, घंटी वाजते. जिना म्हणजे 'दोहोंपैकी नेमकं एकच'. जॉर्ज बूल यांचं 1854 सालचं बीजगणित तोवर तत्त्वज्ञानाच्या कपाटात पडून होतं. शॅननने ते रिलेच्या खोक्यांवर आणून ठेवलं. (जपानात नाकाशिमा आणि रशियात शेस्ताकोव्ह त्याच दशकात याच वाटेवर होते. एखादी कल्पना पिकली की ती एकाच झाडावरून पडत नाही.) बूल यांच्या पत्नी मेरी या आपल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. ज्या शिखराला आपण काकांच्या नावाने ओळखतो, त्यांच्या पुतणीच्या नवऱ्याने आजच्या संगणकाची बाराखडी लिहिली, हे मला कारण नसताना आवडतं.

2019 साली घराची माडी उतरवायला काढली. भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या निघण्याआधी सहज म्हणून मी जिन्यातल्या होल्डरला टेस्टर लावला. दिवा बंद होता, टेस्टर पेटला. मी दोन्ही पिना पाहिल्या. दोन्ही पेटल्या! न्यूट्रल असायला हवी ती पिनसुद्धा. मी दोन्ही टोकांची बटणं एकेकदा दाबून परत आले. दिवा अजून बंदच, आणि आता टेस्टर एकाही पिनेला पेटेना.

पायरीवर बसून मी तारा शोधत गेले. आमची माडी मागाहून बांधलेली. तिला स्वतःचा बोर्ड होता, फेज आणि न्यूट्रल तिथे आयतीच होती. खाली तर होतीच. ज्याने कुणी वायरिंग केलं, त्याने दोन मजल्यांमधल्या दोन तारा वाचवल्या. खालच्या बटणाच्या एका बाजूला फेज, दुसऱ्या बाजूला न्यूट्रल, मधला पाय थेट होल्डरच्या एका पिनेला. वरच्या बटणाचंही तसंच, मधला पाय दुसऱ्या पिनेला. एकाने फेज निवडली आणि दुसऱ्याने न्यूट्रल, की दिवा लागतो. दोघांनी न्यूट्रल निवडली की विझतो. आणि दोघांनी फेज निवडली तरी विझतोच, कारण दोन्ही पिना सारख्याच उंचीवर, मधून वाहणार काय? अमेरिकेत या जोडणीला कार्टर पद्धत म्हणतात आणि तिच्यावर 1920च्या दशकातच बंदी आली.

उजेड-अंधाराच्या बाजूने पाहिलं तर ही जोडणी आणि माझी आकृती यांत तसूभर फरक नाही. चार स्थिती, दोन उजेडाच्या, दोन अंधाराच्या, कोणतंही बटण दाबा, पालटते. शॅननच्या बीजगणितात दोन्ही एकच. फरक आहे तो अंधाराच्या दोन स्थितींमध्ये. एका अंधारात दोन्ही पिना निवांत, दुसऱ्यात दोन्ही पिना 230 व्होल्टवर. आणि यांपैकी कोणता अंधार वाट्याला येईल, हे दिवा कोणत्या टोकाच्या बटणाने लावला होता आणि कोणत्याने घालवला यावर ठरतं. आई अंधार पाहून होल्डरला हात लावायला गेली. अंधार खरा होता.

आई तेव्हा 78 वर्षांची होती. पुण्याला परतल्यावर मी तिला कागदावर नवी आकृती काढून दाखवली. सांगताना माझा आवाज नीट नव्हता. तिने चष्मा लावला, बोटाने तारा चाचपल्यासारख्या केल्या आणि विचारलं, "मग त्याचा टेस्टर का नव्हता पेटला?"

मी म्हटलं, "मधल्या वेळात कुणीतरी बटणं दाबली असणार."

"ह्यांनी," ती म्हणाली. "मी पडले तेव्हा खालून धावत येताना ह्यांनी उजेडासाठी खालचं बटण दाबलं. लागेना म्हणून वर जाऊन वरचं दाबलं. मी बघत होते पडल्यापडल्या."

खालचं एकदा, वरचं एकदा. फेज-फेजवरून न्यूट्रल-न्यूट्रल. वायरमनने त्यानंतर दिवा खालच्या बटणाने लावला आणि खालच्यानेच घालवला असेल तर तो पुन्हा तिथेच आला. मी कागदावर बोट ठेवून हे तपासत होते, तोवर ती उठली होती. बत्तीस वर्षांत पूर्ण सरळ न झालेल्या मनगटाने तिने गॅसचं बटण फिरवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय? ह्यांनी बटणं दाबली ते? कुणी विचारलं होतं?"

नव्या घरात सगळी बटणं फेजमध्ये आहेत; मी स्वतः तपासली आहेत. आरसीसीबी आहे, जिन्याला बरोबर दोन समांतर तारा आहेत. तरी बल्ब बदलायचा म्हटलं की ती मला खाली पाठवून मेन काढायला लावते, आणि मी वर येऊन "काढला" म्हटल्यावर एकदा स्वतः फ्रिजचं दार उघडून आतला दिवा लागत नाही ना, ते बघते.